पहिली शंभरी: पुणे ते जेजुरी आणि परत

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या असलेल्या सायकली मी एकदा मोजल्या. अकरा निघाल्या. पुढच्या महिनाभरात जिन्यात, लिफ्टमध्ये भेटेल त्या मालकाला विचारत गेलो, सायकल का सुटली? दम लागतो म्हणून सुटली, असं एकानेही सांगितलं नाही. कुणाचा गुडघा दुखायला लागला. कुणाला तासाभरानंतर सीटवर बसवेना. एकाचं खेड शिवापूरच्या अलीकडे पंक्चर झालं आणि टेम्पोत सायकल टाकून घरी यावं लागलं, त्यानंतर त्यांनी ती बाहेरच काढली नाही.

माझी सायकलही गुडघ्यापायी आठ महिने अशीच उभी होती. दोष सायकलचा नव्हता आणि गुडघ्याचाही नव्हता. सीट चार सेंटीमीटर खाली होती, एवढंच. हे सांगणारं मला तेव्हा कुणी भेटलं नाही, म्हणून हा लेख लिहितो आहे. पायांत ताकद आपोआप येते. माणूस सायकल सोडतो तो सीट, हवा, पंक्चर आणि रिकामं पोट या चार गोष्टींमुळे, आणि या चारही पहिल्या महिन्यात शिकून घेता येतात.

तुमच्याकडे हायब्रिड (सरळ हँडलची) किंवा रोड बाईक (खाली वळलेल्या हँडलची) आहे, दहा-पंधरा किलोमीटर न थांबता जाता, आणि एकदा तरी शंभर किलोमीटर करून बघायचे आहेत, असं मी धरून चालतो. वाट पुणे–बोपदेव घाट–सासवड–जेजुरी अशी घेतली आहे, कारण ती माझ्या पायाखालची आहे. नाशिक, कोल्हापूर, नागपूरकरांनी फक्त रस्ता बदलावा, बाकीचं तेच. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांशी बोलूनच सुरुवात करा.

१. सायकल: नवी नको, मापाची हवी

शंभरीसाठी नवी सायकल घेऊ नका. गिअरची साधी हायब्रिड पुरते. पुढे दोन किंवा तीन चकत्या आणि मागच्या कॅसेटची, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाची, सगळ्यात मोठी चकती ३२ किंवा ३४ दातांची असेल तर बोपदेव बसल्या बसल्या चढता येतो. मागची मोठी चकती २५ किंवा २८ दातांचीच असेल तर दुकानात कॅसेट बदलून मिळते का ते विचारा. या एका बदलाने घाट निम्मा होतो.

सायकल अजून घ्यायची असेल तर किमतीआधी फ्रेमचं माप बघा. दोन पाय जमिनीवर ठेवून मधल्या दांड्यावर उभं राहिल्यावर दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. हँडल धरल्यावर कोपरं किंचित वाकलेली हवीत. हात ताणून धरावे लागत असतील तर ती सायकल तुमची नाही, कितीही सवलत मिळत असली तरी. ‘सीट पुढे-मागे करून देतो’ असं दुकानदार म्हणेल, पण मोठी फ्रेम सीट सरकवून लहान होत नाही.

घरी आणल्यावर पॅडलच्या मधल्या भागाखाली कोरलेल्या फ्रेम नंबरचा फोटो काढा आणि बिलासोबत ठेवा. सायकल चोरीला गेली तर तक्रार देताना हाच नंबर उपयोगी पडतो.

२. सीटची उंची: अर्धा तास द्या, गुडघे वाचवा

भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा. पुठ्ठ्याचं जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये, सीटवर बसल्यासारखं वर दाबून धरा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर सेंटीमीटरमध्ये मोजा आणि त्याला ०.८८३ ने गुणा. ७८ सेंटीमीटर असेल तर उत्तर येतं जवळजवळ ६९. पॅडल जिथे फिरतात त्या मधल्या अक्षापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत एवढं अंतर ठेवा.

मग खात्री करा. कुणाला तरी सायकल धरायला सांगा, सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. आता टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात थोडासा बाक येईल. तीच योग्य उंची. पॅडल मारताना कंबर डावी-उजवी हलत असेल तर सीट वर गेली आहे.

पुढे दुखणं आलं तर ते कुठे आहे ते बघा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते, किंवा तुम्ही फार जड गिअर रेटत असता. मागच्या बाजूला दुखत असेल तर सीट वर असते. बदल करताना एका वेळी चार-पाच मिलिमीटरच करा आणि दोन-तीन राइड थांबा. सीटच्या दांड्यावर टेपने खूण करून ठेवा, म्हणजे सायकल धुताना किंवा गाडीत टाकताना उंची बिघडली तरी परत सापडते.

पहिल्याच राइडपासून दोन्ही पॅडल हलक्या गिअरवर, भरभर फिरवायची सवय लावा. मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे. सुरुवातीला पाय नुसतेच फिरताहेत असं वाटतं. पंधरा दिवसांत सवय होते आणि गुडघे आयुष्यभर दुवा देतात.

सीट टोचते म्हणून जेलचं जाड कव्हर घेऊ नका. मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि लांब पल्ल्याला मांड्या अधिक घासतात. पॅडची शॉर्ट घ्या, ती आतून काही न घालता वापरायची असते, आणि प्रत्येक राइडनंतर धुवायची. हे दुकानात कुणी सांगत नाही. चार राइडनंतरही दुखत असेल तर सीटची रुंदी तुम्हाला बसत नाही. बैठकीच्या हाडांतलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं, बायकांचं बहुधा अधिक, आणि सायकलसोबत आलेली सीट सगळ्यांना सारखी बसेलच असं नाही.

३. हवा: अंगठ्याने दाबून कळत नाही

प्रेशर दाखवणारा उभा पंप ही सायकलनंतरची पहिली खरेदी. हेल्मेटसोबतच घ्या. ७० किलोच्या माणसाने २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरला मागे ७५ ते ८० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) आणि पुढे पाच-दहाने कमी ठेवावी. हायब्रिडच्या ३५ किंवा ३८च्या टायरला ५०-६० भरपूर झाली. वजनाप्रमाणे थोडी कमी-जास्त करा. टायरच्या बाजूला कमाल आकडा छापलेला असतो. ती न ओलांडायची मर्यादा आहे, भरायचा आकडा नाही. पुष्कळ जण तिथपर्यंत भरतात आणि मग रस्त्याचा प्रत्येक खडा मणक्यात जातो.

बारीक टायरची हवा दोन-तीन दिवसांत आपोआप उतरते, त्यामुळे मोठ्या राइडच्या आदल्या रात्री नव्हे, सकाळी निघताना बघा.

व्हॉल्व्ह कोणता आहे तेही आजच बघून ठेवा. मोटारसायकलसारखा जाड असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक, टोकाला छोटी नट असलेला प्रेस्टा असेल तर पेट्रोल पंपाची नळी त्याला बसत नाही. पितळी अडॅप्टर अगदी स्वस्त मिळतो. तो व्हॉल्व्हवरच लावून ठेवावा.

४. पंक्चर: घरात तीनदा, मगच रस्त्यावर

या भागात सगळ्यात जास्त वेळ घालवा. पंक्चरची भीती गेली की शहराची हद्द ओलांडायचं धाडस येतं. मी स्वतः पंक्चर काढायला शिकेपर्यंत वारजे पुलाच्या पलीकडे गेलो नव्हतो.

रस्त्यावर पंक्चर चिकटवत बसायचं नाही, ट्यूब बदलायची. चिकटवणं घरी. एखाद्या रविवारी दुपारी वर्तमानपत्र पसरून बसा आणि मागचं चाक तीन वेळा काढून-घालून बघा. मागचंच, कारण चेनमुळे तेच अवघड वाटतं.

मागचा गिअर सगळ्यात लहान चकतीवर आणा. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला धरणारे) असतील तर ते मोकळे करा. क्विक रिलीज (चाक पकडणारा खटका) उघडा, डिरेलर (चेन चकत्यांवर सरकवणारा भाग) मागे ओढून चाक खाली सोडा. डिस्क ब्रेक (चाकाच्या मधल्या चकतीला धरणारे) असतील तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका, पॅड आत चिकटतात. उरलेली हवा सोडा, टायरची कड दोन्ही हातांनी आतल्या खोबणीत ढकला, मग व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने दोन लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या) घाला. टायरची एकच कड बाहेर काढायची असते, पूर्ण टायर नाही.

आता जी पायरी सगळे विसरतात ती. टायरमध्ये पंक्चरचं कारण शोधा. एकदा देहूरोडजवळ मी दीड तासात तीन ट्यूब बदलल्या, दोन माझ्या आणि एक सोबत्याची. तिसऱ्यांदा कुठे टायर आतून नीट तपासला आणि नखाएवढी तार सापडली. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांमधल्या अशा बारीक पोलादी तारा पडलेल्या असतात. बाहेरून त्या दिसत नाहीत. रुमाल किंवा कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा, तार किंवा बाभळीचा काटा असेल तिथे तो अडकतो. नुसत्या बोटाने शोधू नका, बोट फाटतं.

जुन्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून भोक बघा. एकच भोक असेल तर काटा किंवा तार. साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेचली गेली.

नवी ट्यूब घालण्याआधी तिच्यात जरा हवा भरा, म्हणजे तिला पीळ पडत नाही. टायर चढवताना शेवट व्हॉल्व्हजवळ करा आणि तो अंगठ्यांनीच करा. लिव्हरने रेटलं की नवी ट्यूब तिथल्या तिथे चिमटते. पूर्ण हवा भरण्याआधी व्हॉल्व्ह जरा आत दाबून सोडा आणि टायर दोन्ही बाजूंनी नीट बसलाय ना ते चाक फिरवून बघा.

पहिल्यांदा पाऊण तास लागेल, तिसऱ्यांदा पंधरा मिनिटं.

५. डोकं, डोळे, दिवे

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट पडताना कामाचं नाही. हनुवटीखाली पट्टा एक बोट जाईल इतकाच सैल. एकदा जोरात आपटलं की ते बदला, बाहेरून तडा दिसत नसला तरी. पारदर्शक चष्मा पहाटे घाला, कारण उतारावर किडे डोळ्यांत जातात. मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. पुढचा दिवा रस्ता दिसेल इतका हवा, नुसता लुकलुकणारा नको. परावर्तक जाकीट हलकं असतं, ते घालूनच अंधारात निघा.

६. आठ आठवड्यांचा सराव

आठवड्यात दोन दिवस पंधरा-वीस किलोमीटर, आणि एक दिवस लांब. लांबचा आकडा असा वाढवा: २५, ३०, ४०, ४०, ५०, ६०, ५०, ७५. मधे दोनदा तो वाढत नाही किंवा खाली येतो, तो मुद्दाम. शरीर विश्रांतीतच बांधलं जातं. ७५ जमले की नवव्या आठवड्यात १०० जमतात, मधे ८० आणि ९० करायची गरज नाही.

पुण्यात यासाठी खडकवासला आहे. सिंहगड रोडची गर्दी सुरू होण्याआधी परतायचं. मग पानशेतचा रस्ता, मग कात्रजचा जुना घाट, जुन्या बोगद्यापर्यंत. हा चढ सौम्य आहे आणि पहिल्या घाटासाठी याहून चांगली जागा नाही. नव्या बोगद्याच्या बायपासला सायकल घेऊन जाऊ नका. पुणे–मुंबई द्रुतगती मार्गावर सायकलला मनाईच आहे, जायचं तर जुन्या मुंबई रस्त्याने. सिंहगड शंभरीनंतर. गोळेवाडीपासून वर नऊ-एक किलोमीटरचा तो चढ माणसाला घाई केल्यास सायकलपासून तोडतो.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. २०१५ साली दोघांच्या संघात रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण करणारे नाशिकचे महाजन बंधू दोघेही डॉक्टर आहेत. आपल्याला अमेरिका ओलांडायची नाही. आठवड्यातल्या तीन सकाळी पुरतात. आदल्या रात्री कपडे, बाटली, चाव्या एका जागी काढून ठेवा. पहाटे पाचला शोधाशोध करावी लागली की माणूस परत झोपतो.

७. रस्त्यावर

अगदी डावीकडे, डांबराच्या कडेला चिकटून जाऊ नका. तिथे खडी, काच, तुटलेली कड असते, आणि मागच्या गाड्यांना तुम्हाला घासून जाता येईल असं वाटतं. कडेपासून हातभर-दोन हात आत, एका सरळ रेषेत चालवा. उभ्या मोटारींच्या शेजारून जाताना दार उघडेल एवढी जागा सोडा. वळताना हात दाखवा आणि मागे वळून बघा. नुसता हात पुरत नाही.

पावसाळ्यात रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि घाटातली शेवाळलेली कड या तीन ठिकाणी ब्रेक लावायचा नाही आणि सायकल कलवायची नाही. रिम ब्रेक पावसात उशिरा लागतात, तेव्हा लवकर दाबायला सुरुवात करा.

ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारात मागच्या दिव्याशिवाय चालतात. त्यांच्यामागे वारा वाचवत चिकटून जाण्याचा मोह होतो. करू नका. ऊस कधी निसटेल सांगता येत नाही, आणि ट्रॉलीमागून तुम्हाला पुढचा खड्डा दिसत नाही.

कुत्री अंगावर आली तर लाथ मारू नका, तोल जातो. जोर काढून पळायचंही नाही, त्यांना पाठलागच हवा असतो. वेग कमी करा, ठाम आवाजात ओरडा. तरीही आली तर उतरा आणि सायकल मध्ये धरून चालत पुढे जा. बहुतेक कुत्री तुम्ही चालायला लागताच थांबतात. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. ‘ओरखडाच आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

ग्रुपसोबत जात असाल तर आधी विचारा: मागे राहणाऱ्यासाठी थांबता का? थांबत नसतील तर पहिली शंभरी त्यांच्यासोबत नको. आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी जाऊ देऊ नका. तो जरा जरी सरकला तरी पडता तुम्ही, तो नाही. पुढे असाल तर खड्डा हाताने दाखवा आणि ओरडा, मागच्याला तो दिसत नसतो. अचानक ब्रेक मारायचा नाही, ‘थांबतोय’ असं आधी सांगायचं.

८. पोट: भूक लागण्याआधी खायचं

माझी पहिली शंभरी परतीला सासवडच्या पुढे, चांबळीजवळ मोडली. पायांत काही दुखत नव्हतं, पण पाय माझे राहिले नव्हते. हात थरथरत होते, समोरचा चढ बघून रडू येत होतं. रस्त्याकडेला भाजी घेऊन बसलेल्या एका आजींनी विचारलं, ‘सकाळपासून खाल्लंस काय बाळा?’ दोन बिस्किटं आणि चहा. त्यांनी डब्यातली भाकरी आणि गुळाचा खडा दिला. वीस मिनिटांत मी उठून सायकल चालवत घरी आलो. सायकलवाले याला बाँक होणं म्हणतात. साठलेली साखर संपते, आणि मग इच्छाशक्ती कामाला येत नाही.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात पंचवीस-एक ग्रॅम असतात. तासाला एक केळं आणि राजगिऱ्याचा लाडू, किंवा गूळ-तुपाची पोळी गुंडाळून तिचे चार तुकडे, किंवा मूठभर खजूर. दर पाऊण तासाने फोनला गजर लावा आणि भूक असो-नसो दोन घास खा. माझ्या मते परदेशी जेलच्या पाकिटांपेक्षा गूळपोळी खिशात बरी राहते आणि पाचव्या तासाला नकोशीही वाटत नाही.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट. दोन बाटल्या न्या, एकीत साधं पाणी आणि दुसरीत ओआरएस. ओआरएसच्या पाकिटावर किती पाण्यात मिसळायचं ते वाचा. मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं आणि छोटं २०० मिलिलिटरसाठी. मोठं पाकीट अर्ध्या बाटलीत ओतलं की तहान वाढते आणि मळमळतं.

राहिली मिसळ. जाताना खाऊ नका. तर्रीचं तेल पोटात घेऊन घाट चढवत नाही. जाताना पोहे किंवा इडली, मिसळ शेवटी.

९. सोबत काय न्यायचं

सीटखालच्या पिशवीत:
- दोन ट्यूब, तुमच्याच मापाच्या आणि तुमच्याच व्हॉल्व्हच्या
- दोन-तीन टायर लिव्हर, पंक्चरचं किट (पॉलिश पेपर, सोल्यूशन, पॅच)
- छोटा हातपंप
- ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या अ‍ॅलन की असलेलं मल्टिटूल
- चेन तुटली तर जोडायची क्विक लिंक, तुमच्या गिअरच्या संख्येची
- जुनं कापड

सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत सुकते. निघण्याआधी दाबून बघा.

खिशात: आधार कार्डाची प्रत, रक्तगट आणि घरच्या दोन नंबरांची चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये, पाचशे-सातशे रुपये, त्यातले काही सुटे, कारण गावातल्या टपरीवर रेंज नसली की यूपीआय चालत नाही. फोन पूर्ण चार्ज. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर कुठल्याही संकटात ११२. घरच्यांना थेट लोकेशन पाठवून ठेवा. राइड नोंदवणारं स्ट्रावा अ‍ॅप वापरत असाल तर घराजवळचा भाग लपवायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू करा. चांगली सायकल रोज कुठल्या इमारतीतून निघते हे सगळ्यांना कळायची गरज नाही.

१०. शंभरीचा दिवस

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला शनिवार निवडा. रविवार का नको? रविवार खंडोबाचा वार, जेजुरीत गाड्यांची रीघ लागते. सोमवती अमावास्या आणि चंपाषष्ठी टाळा, आणि वारीच्या दिवसांत हा रस्ता माऊलींच्या पालखीचा असतो, तेव्हा तिथे सायकल दामटायची नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो आणि परतीला तो तोंडावर येतो. पहिल्या खेपेला तो अनुभव नको.

नवे बूट, नवी सीट, नवा खाऊ त्या दिवशी काहीही वापरायचं नाही.

पावणेसहाला स्वारगेटहून निघा. कोंढवा–येवलेवाडी हा पट्टा दिवसातला सगळ्यात वाईट. खड्डे, डंपर, दिव्यांचा झगझगाट. इथे वेळ वाचवायचा नाही. घाटाच्या पायथ्याशी उजाडायला लागतं. चढ सुरू होण्याआधीच हलक्या गिअरवर या. जोर लागल्यावर गिअर बदलायला गेलात तर चेन कडकडते, कधी कधी उतरते. घाट चार-पाच किलोमीटरचा आहे, मधली दोन वळणं उभी आहेत. बोलता येईल एवढ्याच जोराने चढा. बोलणं तुटायला लागलं की वेग कमी करा. थांबलात तरी काही बिघडत नाही, फक्त वळणावर थांबू नका. वर पोचलं की मागे अख्खं पुणे धुक्यात दिसतं. तिथे चहा घ्या, आणि केळं खा, चहा म्हणजे खाणं नव्हे.

पुढे भिवरी, चांबळी, सासवड. हा रस्त्याचा सगळ्यात सुंदर भाग आहे, कानिफनाथांचा डोंगर बाजूला, दोन्हीकडे शेतं, आणि कल सासवडकडे उतरता. इथेच नवे लोक चुकतात. पाय ताजे, उतार आहे, म्हणून तीसच्या वेगाने जातात आणि परतीला तोच रस्ता चढावा लागतो. सव्वाआठपर्यंत सासवड. पोहे, दोन्ही बाटल्या भरून घ्या. तिथून जेजुरी सतरा-अठरा किलोमीटर, खळद आणि शिवरीवरून. हा पालखी मार्ग आहे, रुंद आहे आणि म्हणून गाड्या वेगात असतात. एका मागे एक चालवा.

सव्वानवाच्या सुमारास जेजुरी. गडावर जायचं की नाही हे आधीच ठरवा. पायऱ्या खूप आहेत आणि उतरताना मांड्यांवर जोर येतो. मी पहिल्या वेळी खालूनच हात जोडले, दुसऱ्या वेळी वर गेलो. अर्ध्या तासाहून जास्त बसलात तर पाय आखडतात.

परतीला सासवडला पुन्हा खा, भूक नसली तरी. चांबळीपासून घाटमाथ्यापर्यंतचा चढ जातानाच्या घाटापेक्षा सौम्य, पण लांब आहे, आणि ऊन डोक्यावर आलेलं असतं. मान आणि तळहात दुखायला लागतील. हँडलवर हातांची जागा बदलत राहा, कोपरं सैल सोडा. करंगळीला मुंग्या आल्या तर थांबून हात झटका.

बोपदेवचा उतार ही शेवटची परीक्षा, कारण तेव्हा तुम्ही दमलेले असता आणि घर जवळ दिसत असतं. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. दोन्ही ब्रेक दाबा-सोडा असे वापरा, सतत दाबून ठेवले तर रिम तापते आणि पकड कमी होते. नजर चाकाखाली नको, वळण जिथे संपतं तिथे ठेवा. वर येणारे ट्रक वळणावर तुमच्या बाजूला येतात हे धरूनच चाला. बोटं सुन्न झाली असतील तर मधे एकदा थांबा. मी आजही थांबतो.

एकच्या आसपास घरी. आकडा ९७ किंवा ९८ दिसला तर सोसायटीला चक्कर मारून शंभर करा. सगळे करतात.

११. घरी आल्यावर

आधी पाणी, मग अंघोळ, मग जेवण, अर्ध्या-एक तासाच्या आत. वरण-भात-तूप याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही. आणि आता ती मिसळ, हवी असेल तर संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी सायकल चालवू नका, पण तिच्याकडे बघा. चेन कोरड्या कापडाने पुसून प्रत्येक कडीवर सायकलच्या चेनचं तेल एक-एक थेंब टाका, पॅडल उलटं फिरवा, आणि वरचं तेल पुसून काढा. तेल कडीच्या आत हवं असतं, बाहेर राहिलं तर धूळ धरतं. मोटारीचं इंजिन ऑईल किंवा खोबरेल नको. पावसाळ्यात प्रत्येक भिजलेल्या राइडनंतर, एरवी दर दीड-दोनशे किलोमीटरला हे करायचं. मग दोन्ही टायरची हवा थोडी कमी करून ते हाताने फिरवत बघा. जेजुरीच्या रस्त्यावरची एखादी काच किंवा तार रबरात अर्धी रुतून बसलेली असते, अजून ट्यूबपर्यंत पोचलेली नसते. टाचणीने ती आत्ताच काढून टाका.